दीड हात दोरा

दहा वर्षांनी परत नोकरीला लागायचं ठरवलं तेव्हा घरातून पहिला प्रश्न "का?" असा आला नाही, "पाण्याच्या दिवशी काय करणार?" असा आला. सोलापूरकरांना यात नवल वाटणार नाही. चार-पाच दिवसांनी नळाला पाणी येतं, येतं तेव्हा एक माणूस मोटर आणि टाकीपाशी उभा लागतो, आणि २०१५ पासून तो माणूस मी होते.

मी एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यात पदव्युत्तर शिकलेली. सात वर्षं एका संस्थेत मुलांच्या केसेस बघितल्या, मग सासूबाईंना पॅरालिसिस झाला, धाकटा तेव्हा दोन वर्षांचा, वर्षभर सुट्टी घेऊ म्हणून घेतली आणि ती सुट्टी दहा वर्षं चालली. गेल्या वर्षी सासूबाई गेल्या. घर एकदम शांत झालं आणि मी शेजारणींच्या भांडणात मध्यस्थी करायला लागले, तीही कुणी बोलावलेलं नसताना. तेव्हा नवराच म्हणाला, तू कामावर जा बाई.

माझी मामेबहीण इंग्लंडमध्ये सोशल वर्करच आहे. तिला फोन केला तर ती म्हणाली, आमच्याकडे पाच वर्षांपेक्षा जास्त गॅप पडला तर साठ दिवसांचा अभ्यास आणि प्रॅक्टिस दाखवावी लागते, मगच परत रजिस्ट्रेशन मिळतं. मी म्हटलं, आमच्याकडे रजिस्ट्रेशनच नाही गं, कुणी काहीच विचारत नाही. ती म्हणाली, मग किती सोपंय! मलाही त्या क्षणी सोपंच वाटलं होतं.

रात्री पुस्तकं काढली. मी काम सोडलं २०१५ च्या जूनमध्ये, आणि बाल न्यायाचा नवीन कायदा लागू झाला १५ जानेवारी २०१६ ला. म्हणजे मी जायचीच वाट बघत होते की काय लोक? माझ्या वहीत होता २००० सालचा कायदा, लाल-निळ्या पेनानं अधोरेखित वगैरे करून. नवीन वाचायला घेतला तर त्यातही २०२१ ला दुरुस्ती, दत्तकाचा आदेश आता कोर्टाऐवजी जिल्हाधिकारी देतात. मी कोऱ्या पानावर "आधीचं सगळं विसरणे" असं लिहिलं आणि झोपले.

इंटरव्ह्यू घ्यायला होता एक सव्वीस-सत्तावीसचा मुलगा, प्रोजेक्ट कोऑर्डिनेटर. फार गोड मुलगा, पण लॅपटॉपमधून मान वर काढेना. "मॅम, दोन हजार पंधरा ते पंचवीस गॅप दिसतोय." मी म्हटलं, "गॅप कसला, एकाच केसवर दहा वर्षं होते. दर दोन तासांनी कूस बदलायची, औषधं, फिजिओथेरपी, तीन नणंदांशी कोऑर्डिनेशन." त्यानं टाईप केलं, केअरगिव्हिंग. मग विचारलं, "एक्सेल येतं?" मी म्हटलं, येतं. उघडता येतं, असं मनात म्हटलं.

नोकरी मिळाली. (उगाच फार शेफारले नाही, मे महिन्यात सोलापुरात फील्डवर फिरायला दुसरं कुणी तयार नव्हतं हे नंतर कळलं.)

पहिली गृहभेट आली बालसंगोपन योजनेची, आईवडिलांचा आधार तुटलेल्या मुलांना सरकार दरमहा पैसे देतं ती. मुलाचे वडील वारलेत, आई हैदराबादला कामाला, सांभाळते आजी. पत्ता, विडी घरकुल. मी कपाटाच्या तळातून माझे फील्डचे सँडल काढले, सात वर्षं त्यांनी अख्खं पूर्व सोलापूर तुडवलेलं, पुसून घातले तर अगदी कालच काढून ठेवल्यासारखे. डब्यात कडक भाकरी, शेंगाचटणी, खांद्याला झोळा. आरशात बघितलं तर दहा वर्षांपूर्वीचीच मी, फक्त थोडी रुंदीला वाढवलेली.

अशोक चौकात रिक्षावाल्याला म्हटलं, विडी घरकुल. "बसा की मावशी." पूर्वी ताई म्हणायचे. तर ह्या पठ्ठ्यानं मला सोडलं हैदराबाद रोडच्या जुन्या विडी घरकुलात, आणि माझी केस होती कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत, तेही विडी घरकुलच. ही चूक नवखे करतात. मी कपाळावर हात मारून दुसरी रिक्षा केली, ते पैसे क्लेममध्ये लावायचे धाडस अजून झालेलं नाही.

कुंभारीला घरं दहा हजार. विडी कामगार बायकांनी लढून मिळवलेली, अभिमानाची गोष्ट आहे, पण बेचाळीस डिग्रीत, दुपारी साडेबाराला, घर नंबरातला शेवटचा आकडा झेरॉक्समध्ये उडालेला असताना दहा हजार सारखी घरं बघून अभिमान जरा घशातच अडकतो. त्यात आता तिकडेच रे नगर झालंय, तिथं तीस हजार घरांची योजना, पंधरा हजारांच्या किल्ल्या जानेवारी २०२४ लाच दिल्या. एका पोरानं मला छातीठोकपणे रे नगरचा रस्ता दाखवला. मी अर्धी वाट चालले पण. मग एका म्हातारीनं हाक मारली, "कुठं जायलाय ओ? उन्हात मरतंय की!"

तीच आजी. माझी केस.

"रा अम्मा, कूर्चो," म्हणत तिनं चटई सरकवली. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी भिजवलेली तेंदूची पानं. पान फर्म्याच्या मापाला कापायचं, चिमूटभर तंबाखू, वळायचं, दोऱ्याचा वेढा, टोक दाबायचं, पुढची. हाताकडे बघतसुद्धा नव्हती, बघत होती माझ्याकडे. मी फॉर्म काढला, चष्मा लावला आणि घसा साफ केला तेवढ्यात तिनंच सुरुवात केली.

"नवी हाय का?"

"नाही अक्का, जुनीच. मधे घरी होते."

"किती वर्ष?" दहा. "का?" सासूबाई आजारी होत्या. "नवऱ्याला बहिणी किती?" तीन. "त्या नाय बघितल्या?" मी गप्प. "नवरा पगार हातात देतो?"

हा प्रश्न माझ्या फॉर्मवर सातव्या नंबरला होता हो! आणि मी त्याचं उत्तर द्यायला लागले. नुसतं दिलं नाही, सविस्तर दिलं. मधली नणंद दवाखान्यात यायची ती फक्त फोटोपुरती, तेपण सांगून टाकलं. आजी मान हलवत विड्या वळत होती आणि योग्य जागी "अय्यो" म्हणत होती. सक्रिय श्रवण म्हणतात ते हेच, कॉलेजात त्यावर मी दहा मार्कांचं उत्तर लिहिलं होतं.

पाऊण तासानं भानावर आले. आवाजात अधिकार आणून म्हटलं, "हां तर अक्का, या योजनेत मुलाला महिन्याला ४२५ रुपये मिळतात."

विडी थांबली. पहिल्यांदाच. "कुठल्या काळातल्या ओ मॅडम? ४२५ चे अकराशे झाले, आता २२५० हायेत."

कायदा वाचला होता, शासन निर्णय बघायचा राहिला होता. तिनं नातवाला हाक मारली, त्यानं आतून सोलापुरी चादरीची चेनवाली प्लॅस्टिक पिशवी आणली, तिच्यात मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, बोनाफाईड, पासबुक, आधार, सगळं दोन-दोन झेरॉक्ससकट, क्रमानं. मी नुसता क्रम बघत बसले. आमच्या ऑफिसात असं फायलिंग नाही.

उरला घरापुढचा फोटो. आजी आणि पोरगा दारात उभे राहिले, मी लोकेशनवाल्या ॲपमध्ये फोटो काढला आणि कोऑर्डिनेटरचा मेसेज आला, मॅम ग्रुपवर टाका. ग्रुपात बेचाळीस जण, त्यातला एक आमचा झेरॉक्सवाला. मी टाईप केलं, "बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार मुलाची ओळख उघड करता येत नाही." दोन मिनिटं टायपिंग, टायपिंग दिसत राहिलं. मग आलं, "ओके मॅम. मला पर्सनलवर टाका." दहा वर्षांनंतरचा माझा पहिला विजय, मी ताठ मानेनं पायरी उतरले आणि उजव्या सँडलचा अख्खा तळवा पायरीवरच राहिला. तुटला नाही, सुटला. कपाटात बसून बसून आतला डिंक कधीच वाळून गेला होता म्हणे, वरून नुसती अब्रू शिल्लक होती. मी एका पायावर, हातात फाईल, खाली तापलेलं सिमेंट.

"बस," आजी म्हणाली. मॅडम नाही, ओ नाही, नुसतं बस. विडीचा दोरा काढला, तळव्यावरून, वरून, परत खालून, असे दोन-तीन वेढे घातले, दातानं तोडला, गाठ अशी मारली की ओढून बघितली तरी हलेना. "डाव्यालाबी मारू का? तोबी सुटणार." मी नको म्हटलं. डावा अशोक चौकात सुटला.

रात्री फॉर्म ऑनलाईन भरायला बसले. सर्व्हर तीनदा पडला, चौथ्यांदा शेवटच्या पानापर्यंत पोचले. तिथं लाल चांदणीवाला प्रश्न, भेटीदरम्यान लाभार्थीकडून काही स्वीकारले का? नाही टाकून मोकळं होता आलं असतं. पण सँडल समोरच पडलेले. हो टाकलं. मग खाली यादी उघडली, रोख, खाद्यपदार्थ, इतर. चहा होता पण तो खाद्यपदार्थात धरतात का पेयात, सोडून दिला. इतर निवडलं आणि लिहिलं, दोरा, अंदाजे दीड हात.

सकाळी नऊला कोऑर्डिनेटरचा फोन. पाण्याचा दिवस, मी मोटरपाशी.

"मॅम, ते एंट्रीमध्ये दोरा लिहिलंय तुम्ही, सिस्टीम त्याची किंमत मागतेय. किती टाकू?"