‘नोमोडसेट टाका, स्वॅप काढा, कॅश साफ करा’: जुन्या लॅपटॉपचे नुकसान करणारा सल्ला

मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चे नियमित समर्थन १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवले. तेव्हापासून दोन-चार जीबी रॅमच्या जुन्या लॅपटॉपवर लुबुंटू किंवा झुबुंटू ही हलकी लिनक्स प्रणाली बसवा, असे जो तो सुचवतो, आणि ते योग्यच आहे. त्याच्या जोडीने फिरणारा उपायांचा संच मात्र योग्य नाही. तो असा: स्क्रीन काळी राहिली तर ‘नोमोडसेट’ हा पर्याय कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, कायमचा द्या, चित्र फाटल्यासारखे दिसले तर इंटेलचा स्वतंत्र ड्रायव्हर टाका, मशीन मंद वाटले तर स्वॅप (रॅम कमी पडल्यावर वापरायची डिस्कवरील जागा) बंद करा आणि दर तासाला कॅश (रॅममध्ये जपलेल्या फाइलींचा साठा) रिकामी करा. हे उपाय क्षणभर गुण दाखवतात म्हणून पसरतात, पण त्यांपैकी बहुतेक उपाय जो मंदपणा घालवायला निघतात तोच वाढवतात.

सर्वांत मोठे नुकसान नोमोडसेटमुळे होते. हा पर्याय दिला की इंटेलसाठीचा आय९१५ किंवा एनव्हिडियासाठीचा नूवो यांसारखा खरा ग्राफिक्स ड्रायव्हर कामाला लागतच नाही आणि संगणकाच्या फर्मवेअरने (बायोस किंवा यूईएफआयने) सुरुवातीला मांडून दिलेल्या साध्या फ्रेमबफरवर, म्हणजे चित्रासाठीच्या स्मृतीच्या तुकड्यावर, सगळे चित्र उमटते. स्क्रीन दिसू लागते, त्यामुळे दुरुस्ती झाली असे वाटते; प्रत्यक्षात खिडकी सरकवण्यापासून व्हिडिओ दाखवण्यापर्यंतचे सर्व काम प्रोसेसरवर येऊन पडते, रिझोल्यूशन बदलता येत नाही आणि बाहेरचा मॉनिटर किंवा प्रोजेक्टर ओळखला जात नाही. ‘लिनक्सवर व्हिडिओ अडकतो’ अशी तक्रार असेल तर टर्मिनलमध्ये जीएलएक्सइन्फो ही आज्ञा चालवून रेंडररची, म्हणजे चित्र कोण काढतो ते सांगणारी, ओळ पाहावी. तिथे ‘एलएलव्हीएमपाइप’ असे नाव आले, तर चित्र प्रोसेसर काढतो आहे.

नोमोडसेट निरुपयोगी आहे असे मी म्हणत नाही. संगणक सुरू होताना दिसणाऱ्या ग्रबच्या यादीत ‘ई’ दाबून तो एका वेळेपुरता द्यावा, प्रणाली सुरू करावी आणि जर्नलसीटीएल या आज्ञेने आधीच्या, म्हणजे फसलेल्या, बूटमधील कर्नलचे संदेश वाचावेत. ग्राफिक्स चिपच्या फर्मवेअरची फाइल सापडली नाही असे तिथे लिहिलेले असेल, तर ते पॅकेज घालून पुढच्या वेळी नोमोडसेटशिवाय सुरू करावे. त्याआधी एक तपासणी आवर्जून करावी: काळ्या स्क्रीनवर टॉर्चचा उजेड तिरका पाडून पाहावा. डेस्कटॉप अंधूक दिसला तर ड्रायव्हर व्यवस्थित चालू आहे, फक्त मागचा दिवा लागलेला नाही. अशा वेळी ‘एसीपीआय_बॅकलाइट’ या कर्नलच्या पर्यायाला ‘नेटिव्ह’ किंवा ‘व्हेंडर’ हे मूल्य देऊन पाहणे हा नेमका इलाज आहे.

चित्र फाटण्याबद्दलचा सल्ला कालबाह्य आहे. २००७ नंतरच्या इंटेल चिपसाठी डेबियन या लिनक्स प्रणालीने २०१६ मध्येच तो स्वतंत्र ड्रायव्हर बाजूला ठेवून एक्स सर्व्हरमधील (स्क्रीनवर चित्र उमटवणाऱ्या प्रोग्रॅममधील) ‘मोडसेटिंग’ ड्रायव्हर निवडला. झुबुंटूच्या एक्सएफसीई या डेस्कटॉपच्या ४.१४ आवृत्तीपासून तिच्या कंपोझिटरमध्ये (खिडक्या एकत्र जुळवून चित्र बनवणाऱ्या भागात) व्हीसिंकची, म्हणजे चित्र स्क्रीनच्या गतीशी जुळवण्याची, सोय आहे, आणि लुबुंटूवर पिकॉम या कंपोझिटरमध्ये व्हीसिंक चालू केले की बहुतेक वेळा प्रश्न सुटतो.

कॅश रिकामी करण्याच्या आज्ञेमागचा गैरसमज रॅमचा हिशेब दाखवणाऱ्या ‘फ्री’ या आज्ञेच्या चुकीच्या वाचनातून येतो. लोक ‘फ्री’चा स्तंभ पाहून घाबरतात, पाहायचा असतो ‘अव्हेलेबल’चा. लिनक्स रिकाम्या रॅममध्ये डिस्कवरून वाचलेल्या फाइली जपून ठेवतो आणि एखाद्या प्रोग्रॅमला जागा लागली की ती लगेच सोडतो. दर तासाला हा साठा पुसला, तर त्याच फाइली पुन्हा डिस्कवरून वाचाव्या लागतात, आणि जुन्या लॅपटॉपमध्ये डिस्क हाच सर्वांत संथ भाग असतो. कर्नलच्या स्वतःच्या दस्तऐवजातही ही सोय चाचणीबाहेर वापरू नये असे स्पष्ट म्हटले आहे.

स्वॅप बंद करणे त्याहून घातक. स्वॅप नसला की प्रोग्रॅमची न वापरलेली माहिती बाहेर ठेवायला जागा उरत नाही, म्हणून रॅम भरताच कर्नल चालू प्रोग्रॅमच्या कोडची पाने टाकून देतो आणि पुढच्याच क्षणी ती पुन्हा वाचतो. माउस गोठतो, डिस्कचा दिवा विझत नाही आणि शेवटी ब्राउझर मारला जातो. दोन जीबीच्या मशीनवर योग्य मार्ग झेडरॅमचा आहे: रॅमचाच एक भाग संकुचित स्वॅप म्हणून वापरला जातो. २०२० च्या फेडोरा ३३ या लिनक्स प्रणालीत तो मूळ सेटिंग म्हणून आला.

या सगळ्यामागे एक गृहीतक आहे की डेस्कटॉप हलका म्हणजे सगळेच हलके. लुबुंटूचा एलएक्सक्यूटी डेस्कटॉप काही शे एमबी वाचवतो हे खरे, परंतु ब्राउझर उघडला की तो एकटाच एक जीबीच्या पुढे जातो. व्हिडिओचेही तसेच: २०११ च्या इंटेल चिपमध्ये एच.२६४ या पद्धतीने संकुचित केलेला व्हिडिओ उलगडणारे हार्डवेअर आहे, व्हीपी९ या दुसऱ्या पद्धतीसाठी मात्र नाही. यूट्यूबने व्हीपी९ पाठवला की काम प्रोसेसरवर येते, त्यामुळे एच.२६४ मागणारे एक्स्टेंशन डेस्कटॉप बदलण्यापेक्षा अधिक उपयोगी पडते.

आणि जिथे फिरती हार्ड डिस्क आहे तिथे सेटिंगला हात लावण्याआधी स्मार्टसीटीएल या आज्ञेने तिची प्रकृती पाहावी. ‘पेंडिंग सेक्टर’चा, म्हणजे नीट वाचता न आलेल्या भागांचा, आकडा शून्याहून अधिक असेल, तर आधी आपल्या फाइली दुसरीकडे उतरवून घ्याव्यात आणि मग एसएसडी बसवावी.