क्रॅक वापरल्याने खरंच कुणाचं काही जात नाही का?

सॉफ्टवेअर पायरसीवर, म्हणजे लॉक तोडलेली चोरीची कॉपी (क्रॅक) वापरण्यावर, वाद सुरू झाला की चार वाक्यं हमखास येतात. कॉपी केल्याने मूळ माल जागेवरच राहतो, क्रॅकवाला तसाही विकत घेणार नव्हता, युरोपियन युनियनच्या अभ्यासात नुकसान सापडलंच नाही, आणि बिल गेट्स स्वतःच म्हणाला होता की चोरायचंच तर आमचं चोरा. चारही वाक्यांत थोडं थोडं खरं आहे म्हणून ती चालतात, पण त्यातून "डेव्हलपरचं नुकसान शून्य" हे निघत नाही.

"तसाही घेणार नव्हता" हा मुद्दा बऱ्याच जणांबाबत बरोबर आहे. 2008 साली रिकोशे इन्फिनिटी या गेमच्या कंपनीने सांगितलं होतं की खेळणाऱ्यांपैकी 92 टक्क्यांकडे चोरीची कॉपी आहे, आणि पळवाटा बंद केल्यावर दर हजार अडवलेल्या डाउनलोडमागे विक्री वाढली फक्त एक. त्यामुळे बीएसए या सॉफ्टवेअर कंपन्यांच्या संघटनेने 2018 मध्ये दिलेला 46.3 अब्ज डॉलरचा आकडा थेट तोटा म्हणून कोणी फेकला तर तेही चूकच, ती विनापरवाना सॉफ्टवेअरची बाजारभावाने काढलेली किंमत आहे. पण प्रत्येक कॉपीमागे विक्री बुडत नाही म्हणून एकही बुडत नाही, हे कुठलं गणित? डेनुवो हे कॉपी रोखणारं लॉक लावलेल्या 86 गेम्सचा अभ्यास 2024 मध्ये आला, त्यात लॉक अगदी सुरुवातीलाच तुटलं तर कमाई सरासरी 20 टक्क्यांच्या आसपास घटते आणि बारा आठवड्यांनंतर तुटलं तर जवळपास काहीच फरक पडत नाही असं दिसलं. म्हणजे फुकट मिळालं नसतं तर पैसे देणारे लोक त्या गर्दीत होतेच की.

युरोपचा रिपोर्ट लोकांनी वाचलेलाच नसतो बहुतेक. तो 2015 मध्ये तयार झाला, 2017 मध्ये बाहेर आला, आणि त्यात संगीत, पुस्तकं, सिनेमे आणि गेम्स आहेत, डीटीपी किंवा अकाउंटिंगचं सॉफ्टवेअर नाहीच. नव्या गाजलेल्या सिनेमांबाबत तर दहा चोरून पाहिले की चार पैसे देऊन पाहणं कमी होतं असा अंदाज त्यातच आहे, आणि परिणाम सिद्ध झाला नाही म्हणजे परिणाम नाही असं नव्हे हेही त्यांनीच लिहिलंय.

मूळ माल राहतो, हो राहतो. पण ती पहिली कॉपी बनवायला लागलेली वर्षं कोण भरून देणार?

आता गेट्स, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहे. ते वाक्य 1998 चं, चीनबद्दलचं. लोकांना आमच्या सॉफ्टवेअरची सवय लागेल, पैसे पुढच्या दहा वर्षांत कसे वसूल करायचे ते बघू, असा त्याचा हिशोब होता. तोच गेट्स 1976 मध्ये, मायक्रोसॉफ्ट अगदी छोटी असताना, हौशी कॉम्प्युटरवाल्यांना खुलं पत्र लिहितो की अल्टेअर हा कॉम्प्युटर घेतलेल्यांपैकी दहा टक्क्यांहून कमी लोकांनी त्यावर चालणारं आमचं बेसिक हे प्रोग्रॅमिंगचं सॉफ्टवेअर विकत घेतलंय आणि आमच्या मेहनतीला तासाला दोन डॉलरसुद्धा सुटत नाहीत. दहा वर्षं थांबणं ज्याला परवडतं त्याला पायरसी चालते, ज्याला पुढच्या महिन्याचा पगार काढायचाय तो थांबणार कसा?

आणि ही सवय लागते तेव्हा फटका बसतो तो शेजारच्या छोट्या माणसाला. कोरलड्रॉ आणि फोटोशॉप दोन्ही क्रॅक होऊन फुकट मिळत असतील तर फ्लेक्सच्या दुकानात इंकस्केपसारखं फुकटचं कायदेशीर सॉफ्टवेअर उघडून बघायला कोण जाणार, स्वस्तातलं नवं काही बनवणाऱ्याची तर गोष्टच सोडा, त्याची स्पर्धा थेट शून्य रुपयाशी. आपल्याकडे मराठी फॉन्टची पॅकेजं डाँगल (कॉम्प्युटरला जोडल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही अशी छोटी किल्ली) लावून विकावी लागायची ती याच भीतीने, म्हणजे आधीच गिऱ्हाईक मोजकं, त्यात लॉकचा खर्च, आणि डाँगल हरवलं की ताप कुणाला, तर रीतसर पैसे देऊन घेतलेल्याला.

महागाईची तक्रार मात्र मला पटते, सॉफ्टवेअरचं दरमहा भाडं भरणं विद्यार्थ्याला जड जातंच. मग लिब्रेऑफिस आहे, क्रिटा आहे, ब्लेंडर आहे, सगळी कायदेशीर आणि फुकट, आणि तुमच्यासारखे वापरणारे वाढले की ती सुधारतातही. पण पतसंस्थेचं किंवा सोसायटीच्या बिलांचं सॉफ्टवेअर बनवणारा दोन-तीन माणसांचा उद्योग असेल तर तिथे "कंपनी श्रीमंत आहे, तिला काय फरक पडतो" हे कारण लागूच होत नाही.