पुण्यात पाणी १०० अंशांवर उकळत नाही

गेले काही दिवस एक मेसेज फिरतोय. सोलरवाल्यांच्या, घरी चीज करणाऱ्यांच्या, मुलांच्या सायन्स प्रोजेक्टच्या, सगळ्या ग्रुपवर तो आला. घरच्या घरी तापमानाचा सेन्सर कसा करायचा याचा. म्हणणं थोडक्यात असं: तपकीर गल्लीतून, म्हणजे पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून, १० किलोओहमचा थर्मिस्टर (तापमानाप्रमाणे ज्याचा विद्युतरोध बदलतो असा छोटा भाग; किलोओहम हे रोधाचं माप) आणा, वायर सोल्डर करा, वर हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी प्लास्टिकची स्लीव्ह) चढवा, अर्डुइनोला (प्रोग्राम करता येणाऱ्या छोट्या सर्किट बोर्डाला) जोडा. उकळत्या पाण्यात १०० आणि बर्फाच्या पाण्यात ० सेट करा. ०.०१ अंशापर्यंत अचूक सेन्सर तयार, आता पाण्यात, दुधात, कुठेही बुडवा. विकतचे प्रोब (बुडवायचे तयार सेन्सर) म्हणजे निव्वळ लूट.

मी स्वतः असे सेन्सर घरी करते आणि इतरांनीही करावेत असं मला मनापासून वाटतं. म्हणूनच हा मेसेज असाच पुढे जायला नको.

‘उकळत्या पाण्यात १०० सेट करा.’ सगळ्यात मोठी चूक ही. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच आहे. इथे हवेचा दाब ९५० हेक्टोपास्कलच्या (हे दाबाचं माप) आसपास असतो आणि तेवढ्या दाबाला पाणी ९८.१ च्या सुमारास उकळतं. सिंहगडावर साडेपंच्याण्णवच्या आसपास. १०० हा आकडा समुद्रसपाटीचा, तो मुंबईत चालेल.

दोन अंशांनी काय बिघडतं, असं कुणी म्हणेल. चीजसाठी दूध ६३ अंशांवर ३० मिनिटं ठेवून पाश्चराइज करतात. ९८.१ ला १०० ठरवून टाकलं, तर सेन्सर ६३ दाखवेल तेव्हा दूध प्रत्यक्षात ६१.८ वर असेल. घड्याळ लावून अर्धा तास थांबलात तरी दूध हवं तेवढं तापलेलंच नसतं, आणि ते आपल्या घरातली मुलं खाणार असतात.

म्हणून १०० ऐवजी आपल्या इथल्या दाबाला पाणी जिथे उकळतं तो आकडा सेट करायचा. तो दाब कुठून घ्यायचा, हेही महत्त्वाचं. हवामानाच्या ॲपवर बहुतेक वेळा १०१० च्या आसपासचा आकडा दिसतो. तो समुद्रसपाटीवर आणून सांगितलेला दाब असतो, आपल्या गच्चीवरचा नव्हे. फोनमध्ये बॅरोमीटर असेल तर त्याचा कच्चा आकडा घ्या. प्रोब पातेल्याच्या तळाला टेकवू नका, तिथे पाणी जास्त तापलेलं असतं.

‘बर्फाच्या पाण्यात ०.’ हे बरोबर, पण अर्धंच. ग्लासभर पाण्यात चार खडे तरंगत असतील तर तळाचं पाणी ४ अंशांवरही राहू शकतं, कारण ४ अंशांचं पाणी सगळ्यात जड. बर्फ कुटून थर्मासमध्ये ठासा, फटी भरतील एवढंच पाणी घाला आणि ढवळत राहा.

‘हीट श्रिंक चढवलं की वॉटरप्रूफ.’ माझा पहिला सेन्सर असाच केला होता, गच्चीवरच्या टाकीसाठी. संध्याकाळी गरम पाण्याचं तापमान ठीक यायचं. जानेवारीच्या पहाटे मात्र तो १८ दाखवायचा, आणि काचेचा थर्मामीटर १५. आठवडाभर मी प्रोग्राममध्ये चूक शोधत राहिले. शेवटी स्लीव्ह कापली, तर थर्मिस्टरचा एक पाय हिरवा पडला होता.

साध्या स्लीव्हला आत गोंद नसतो, ती नुसती आवळते. पाणी फटीतून शिरतं, वायरच्या तारांमधूनही वर चढतं. नळाचं पाणी वीज वाहतं, म्हणून थर्मिस्टरच्या दोन पायांमध्ये दुसरी वाट तयार होते. रोध कमी दिसतो आणि एनटीसी थर्मिस्टरचा (तापलं की ज्याचा रोध घटतो अशा प्रकारचा) रोध कमी म्हणजे तापमान जास्त. पाण्यातून जाणारी ही दुसरी वाट १०० किलोओहमची असेल, तर ती १५ अंशांना सुमारे ३ अंशांची चूक देते, पण ६० अंशांना जेमतेम पाऊण अंशाची, कारण गरम असताना थर्मिस्टरचा स्वतःचाच रोध अडीच किलोओहमवर आलेला असतो. म्हणून संध्याकाळी सगळं ठीक वाटायचं. आतून गोंद असलेली स्लीव्ह घ्या किंवा एपॉक्सीत बुडवा. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन नको, त्यातलं ॲसिड तांबं खातं.

‘०.०१ अंशापर्यंत अचूक.’ अर्डुइनो उनो हा बोर्ड मोजायच्या ५ व्होल्टचे १०२४ भाग करतो, एक भाग म्हणजे एक पायरी. १० किलोओहमच्या जोडीला तेवढाच रेझिस्टर लावला तर २५ अंशांना एका अंशामागे साधारण ११ पायऱ्या पडतात. म्हणजे एक पायरीच ०.०९ अंशाची. त्यापुढचा आकडा गणितातून उमटतो, पाण्यातून नाही. शिवाय ५ टक्के टॉलरन्सचा (रोधात तेवढा फरक चालतो असा) थर्मिस्टर सुरुवातीलाच अंशभर इकडेतिकडे असतो.

‘विकतचे प्रोब म्हणजे लूट.’ स्टीलच्या टोपीतला डीएस१८बी२० (तापमान मोजणारी तयार चिप) घेतलात, तर अस्सल चिप उणे १० ते ८५ अंशांत अर्ध्या अंशाच्या आत राहते, असं चिपच्या माहितीपत्रकात लिहिलेलं आहे. नकली चिपाही बाजारात आहेत, त्यामुळे बर्फाची परीक्षा त्यालाही द्यायची. पण तो पैसा अचूक आकड्यापेक्षा पाणी आत न जाणाऱ्या बंद टोकासाठी असतो.

‘दुधात, कुठेही बुडवा.’ हे कृपया करू नका. साध्या सोल्डरमध्ये शिसं असतं, आणि बाजारातली स्लीव्ह किंवा एपॉक्सी अन्नासाठी केलेली नसते. दुधासाठी एका टोकाने बंद असलेली स्टेनलेस स्टीलची नळी घ्या. थर्मिस्टर थर्मल पेस्ट लावून तिच्या टोकापर्यंत आत ढकला. नळी ६ मिलिमीटर जाड असेल तर ती निदान ६ सेंटिमीटर दुधात बुडलेली हवी, नाहीतर बाहेरच्या हवेची थंडी नळीतून खाली उतरते.