पाच-सहा-सात-आठ, नागीण

कोरियन माणसाकडे ‘नुन्छी’ नावाची एक गोष्ट असते. समोरच्याच्या मनात काय चाललंय ते न विचारता ओळखायची सोय. मी इथे कोरियातल्या एका शाळेत इंग्रजी शिकवतो. स्टाफरूममध्ये एकाने खुर्ची मागे सरकवली की बाकीच्यांना कळतं : मीटिंग आहे, हॉलमध्ये आहे आणि मुख्याध्यापकांचा मूड बरा नाही. मला एवढंच कळतं, की खुर्ची सरकली.

म्हणूनच डिसेंबरातल्या एका सकाळी फ्लॅशकार्डं घेऊन मी वर्गात शिरलो तर वर्ग रिकामा. मागच्या बाकावर एक मुलगा तेवढा जॅकेटात तोंड खुपसून झोपला होता. त्याला हलवलं. “चुकजे,” एवढं बोलून तो परत झोपला. मला वाटलं, माझंच काही चुकलं. चुकजे म्हणजे शाळेचा महोत्सव, आपलं गॅदरिंग! सत्रपरीक्षा संपली होती आणि अख्खी शाळा तयारीला लागली होती. वरच्या मजल्यावर कचऱ्याच्या काळ्या पिशव्या खिडक्यांना चिकटवून भुताची खोली उभी राहत होती. शेजारच्या खोलीत सामुल्नोरीची तालीम, म्हणजे दोन ढोल आणि दोन घंटा. त्यातली ‘क्वेंगवारी’ ही छोटी घंटा आकाराने थाळीएवढी असते आणि आवाजाने नरड्यापर्यंत जाते. मी सांगलीचा, मिरवणुकांत वाढलेला. तरी कानात बोटं घातली.

तिसऱ्या दिवशी जिन्यात पोस्टर दिसलं. कोरियन लिपी शिकायला सोपी असते, अर्थ नंतर येतो. अक्षरं जुळवत वाचलं : ‘खुल-खा-र-नी’. कुलकर्णी! पुढे ‘इंडिया डान्स, 4 मिनिटं’. मुलं एरवी मला नुसतं ‘खुल सॅम’ म्हणतात. सॅम म्हणजे सर आणि खुल हा कोरियन उच्चारातला ‘कूल’. मी मात्र तो रोज ‘खुळा सर’ असाच ऐकतो, आणि तोच बरोबर असावा.

सहशिक्षिका किम मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, “तुम्हाला माहीत नव्हतं?” त्यांना खरंच आश्चर्य वाटलं होतं. भारत-कोरिया आर्थिक भागीदारी करार 2010 साली लागू झाला आणि त्यातून आपल्याकडच्या इंग्रजी शिक्षकांना इथल्या शाळांचं दार उघडलं. माझ्याकडे पदवी मागितली होती, बी.एड. मागितलं होतं. नाच कुणी मागितला नव्हता.

“तुम्ही भारतीय आहात ना?” किम मॅडम म्हणाल्या. वाद संपला.

पोशाख दुसऱ्याच दिवशी कुरियरने आला. इथे पार्सलं फार लवकर येतात, विचार बदलायला वेळच मिळत नाही. जांभळी चकचकीत सलवार, प्लास्टिकचा हिरा लावलेला फेटा. भारतातल्या एकाही जिल्ह्यात कुणी असं काही घालत नसेल. ‘मापाचं आहे,’ असं सगळ्यांनी एकमताने ठरवलं.

आता नाच. मला एकच येतो, गणपती विसर्जनातला. रुमालाचं टोक दातात धरायचं, समोरचा पुंगी वाजवतो, आपण नागीण होऊन जमिनीवर. त्याला स्टेप नसते, दिशा नसते, लाज तर नसतेच. डान्स क्लबच्या सहा मुलींना तो मी करून दाखवला. चौदा वर्षांच्या मुली, मोबाइलवर शूटिंग करत, शल्यविशारदासारख्या गंभीर. मग आपसात कुजबुज झाली. अगदी एकसारख्या हालचालींच्या समूहनृत्याला कोरियात ‘खालगुन्मु’ म्हणतात. खाल म्हणजे सुरी. सगळ्यांचे हात सुरीने कापल्यासारखे एका क्षणी, एका कोनात. त्यांनी माझ्या नागिणीचे आठ-आठ मात्रांचे तुकडे पाडले.

“सॅम, फणा तिसऱ्या मात्रेला.”

“सॅम, डावं कोपर खाली जातंय.”

“सॅम, दर वेळी वेगळं का करता?”

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. विसर्जनात दुसऱ्यांदा तेच केलं तर लोक हसतील. पण दोन आठवडे रोज दुपारी, हीटर नसलेल्या हॉलमध्ये, शाळेच्या चपला घालून, ‘तासत, योसत, इल्गोप, योदॉल’ म्हणजे पाच-सहा-सात-आठच्या तालावर मी सरपटलो. गुडघ्यांना दुखणं-सूज सगळं आलं, एकसारखेपणा आला नाही.

महोत्सवाच्या दिवशी पडद्यामागे किम मॅडम म्हणाल्या, “वेळ कमी आहे. दोन मिनिटं.” मला सांगितलं तेव्हा आधीचं गाणं संपत आलं होतं. मुलींना अर्थातच सकाळपासून माहीत होतं.

पडदा उघडला. सहा नागिणी एकाच क्षणी उठल्या, एकाच कोनात फणा काढला, एकदम खाली पडल्या. सातवी, जांभळी, अर्धी मात्रा उशिरा. हॉलमधून “ह्वाइतिंग!” (म्हणजे ‘लगे रहो!’) असा ओरडा झाला, तोही बहुतेक सातवीलाच. फेट्याचा हिरा निसटून पहिल्या रांगेत मुख्याध्यापकांच्या पायाशी गेला. त्यांनी तो उचलून दोन्ही हातांनी मला परत दिला. मी झोपल्या झोपल्या दोन्ही हातांनी घेतला.

शाळेच्या फाटकावरचे म्हातारे पहारेकरी काका दीड वर्षं मला रोज वाकून नमस्कार करत होते. आता वाकत नाहीत. मी दिसलो की हातातला झाडू ठेवतात आणि फणा काढतात. डावं कोपर अगदी बरोबर उंचीवर असतं त्यांचं.