‘अरे वॉटसन’ वाचून हसू आलेल्या वाचकांस

सप्रेम नमस्कार.

फॅन फिक्शनमधील (आवडत्या पुस्तकांतली पात्रे घेऊन चाहत्यांनी लिहिलेल्या कथांमधील) संवादांवरच्या माझ्या लेखाखाली आपण लिहिलेली प्रदीर्घ प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. पहिल्यांदा रागाने वाचली, हे लपवत नाही. ज्यांनी ती पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. शेरलॉक होम्सवर मी मराठीत लिहीत असलेल्या कथांतील काही उतारे देऊन, पात्रे एकमेकांशी स्वाभाविकपणे कशी बोलतील याविषयी मी त्या लेखात काही मते मांडली होती. त्यावर आपले चार आक्षेप आहेत. माझ्या वॉटसनची, म्हणजे होम्सच्या डॉक्टर मित्राची, जखम चुकीच्या जागी आहे, संवाद लांबलचक आहेत, होम्स राहतो त्या लंडनच्या बेकर स्ट्रीटवरची उनाड पोरे मालवणी बोलतात, आणि चौथा आक्षेप आपल्याच शब्दांत असा : “दोन इंग्रज सद्गृहस्थ एकमेकांना ‘अरे’ म्हणतात हे वाचून हसू आलं; लेखकाने मूळ इंग्रजी वाचलं आहे का, अशी शंका येते.”

जखमेचे आधी आटोपतो, कारण तिथे आपले बरोबर आहे. मी गोळी पायाला लागल्याचे लिहिले. १८८७ च्या पहिल्या कादंबरीत अफगाणिस्तानातल्या मैवंदच्या लढाईतली ती गोळी वॉटसनच्या खांद्याला लागते. पुढच्याच कादंबरीत, १८९० मध्ये, दुखरा पाय आहे. तेव्हा ही चूक मी होम्सचे जनक खुद्द कॉनन डॉयल यांच्याबरोबर वाटून घेतो. तरीही माझी कथा होम्स-वॉटसनच्या पहिल्या भेटीनंतर लगेचच घडते आणि तिथे खांदाच हवा होता. दुरुस्ती केली आहे. आभारी आहे.

आता हसण्याविषयी. हसू का आले हे आपण सांगितले असते, तर त्याला उत्तर देता आले असते. हसून पुढे निघून जाणाऱ्या माणसाशी वाद घालायचा कसा, हे मला कळलेले नाही. शंकेचे म्हणाल, तर सातवीच्या सुट्टीत मिरजेच्या वाचनालयातून आणलेल्या मराठी अनुवादात मला होम्स प्रथम भेटला, आणि कॉलेजात असताना शब्दकोश मांडीवर घेऊन ४ कादंबऱ्या आणि ५६ कथा मी मुळातून वाचल्या. त्यातल्या काही इतक्या वेळा वाचल्या, की पुस्तकाची शिवण सुटून पाने आता रबर लावून ठेवावी लागतात. गेली अकरा वर्षे मी या दोघांना मराठीत बोलते करण्याचा प्रयत्न करतो आहे. हे सांगावे लागते आहे याचे वाईट वाटते, पण आपण सांगायला लावलेत.

मूळ इंग्रजी वाचले आहे म्हणूनच ‘तू’ लिहिले. होम्सच्या काळापर्यंत इंग्रजांच्या रोजच्या बोलण्यातून एकेरी सर्वनाम जवळजवळ गेलेले होते. ते प्रार्थनेत, कवितेत आणि काही बोलींत तेवढे उरले होते. त्यामुळे त्यांच्या सर्वनामावरून जवळीक मोजता येत नाही, ती संबोधनावरून मोजावी लागते. तिथे पायऱ्या अगदी स्पष्ट आहेत. मदत मागायला आलेली माणसे ‘मिस्टर होम्स’ म्हणतात, इन्स्पेक्टर लेस्ट्राडही तेच म्हणतो. सख्खा भाऊ मायक्रॉफ्ट ‘शेरलॉक’ म्हणतो. आणि वॉटसन नुसते ‘होम्स’ म्हणतो. ‘मिस्टर’ गळून पडणे ही त्या समाजात लहान गोष्ट नव्हती. मग मराठीत लेस्ट्राडही ‘तुम्ही’ म्हणणार आणि वॉटसनही ‘तुम्ही’च म्हणणार असेल, तर मुळात असलेला फरक मी कुठे नेऊन ठेवायचा?

शिवाय एक गंमत पाहा. आपल्या प्रतिक्रियेत आपण स्वतः ‘होम्स म्हणतो’, ‘वॉटसन विचारतो’ असेच लिहिले आहे. ‘म्हणतात’, ‘विचारतात’ असे कुठेही नाही. म्हणजे निवेदनात तुम्ही या सद्गृहस्थांना खुशाल अरे-तुरे करता आणि त्या दोघांनी आपसात केले की तुम्हाला हसू येते. (‘आपण’वरून मी ‘तुम्ही’वर आलो हे लक्षात आले असेल. बोलता बोलता असे होते. संवाद लिहिताना नेमके हेच टिपायचे असते. एकेरीवर मात्र मी येणार नाही.)

‘अरे’ला हसलात त्याच परिच्छेदात तुम्ही लिहिता, की आपल्याकडची जुनी माणसेही अहो-जाहो करत आणि मैत्री त्यातही होतीच. ‘अहो वॉटसन’ हे एकदा मोठ्याने म्हणून पाहा. मला तरी त्यात ताट वाढून वाट पाहणारी गृहिणी ऐकू येते. परंतु लबाडी करायची नाही म्हणून हेही सांगतो, की माझे आजोबा शाळामास्तर होते आणि त्यांचे एक वकील मित्र रोज संध्याकाळी बुद्धिबळ खेळायला येत. तीस वर्षे त्यांचे बोलणे “काय हो वकील, घोडा दमला वाटतं तुमचा” आणि “तुम्ही आधी वजीर सांभाळा, मास्तर” असेच चालले. आजोबांना अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा वकील दवाखान्यात आले, खाटेच्या कडेवर बसले आणि म्हणाले, “मास्तर, ऊठ की रे. डाव तसाच मांडून ठेवलाय.” मी तेव्हा दहा वर्षांचा होतो. तो ‘रे’ ऐकून आजीने डोळ्याला पदर लावला. झटक्याच्या बातमीने ती रडली नव्हती. तुम्ही म्हणाल, ही गोष्ट माझ्याच बाजूची आहे, तीस वर्षे ‘तुम्ही’च होते ना. होते. पण मला तो ‘रे’ ज्या दिवशी येतो त्या दिवसाबद्दल लिहायचे आहे.

आणि मी पहिल्या पानापासून ‘अरे’ लिहिलेले नाही, हे तुम्ही सोयिस्करपणे विसरलात. दवाखान्याच्या प्रयोगशाळेतल्या पहिल्या भेटीत माझा होम्स “आपण अफगाणिस्तानात होतात, असं दिसतं” असेच म्हणतो. त्यानंतरचे काही महिने मी सर्वनामच येऊ दिलेले नाही. “चहा घ्यायचा?” “निघायचं का?” “टोपी कुठे राहिली?” अशी वाक्ये तुम्ही हसण्याच्या भरात ओलांडून गेलेले दिसता. ‘तू’ म्हणावे की ‘तुम्ही’ हे ठरत नसले की मराठी माणूस असेच कर्त्याला बगल देऊन बोलतो. नव्या व्याह्यांशी बोलताना आपण सगळेच करतो. मराठीत लिहिणाऱ्याला ही सवलत फुकट मिळालेली आहे आणि ती न वापरणे करंटेपणाचे आहे.

१९२४ सालच्या एका कथेत वॉटसनच्या मांडीला गोळी लागते (होय, पुन्हा पाय) आणि एरवी यंत्रासारखा वागणारा होम्स घाबराघुबरा होऊन, लागले तर नाही ना, असे विचारतो. ते वाक्य मी तीन प्रकारे लिहून पाहिले. “वॉटसन, तुम्हाला लागलं तर नाही ना?” यात बसच्या धक्क्यानंतर शेजारच्या प्रवाशाची केलेली चौकशी आहे. “लागलं नाही ना? बोला, वॉटसन!” हे बरे आहे, पण ‘बोला’ म्हटले की वर्गातला फळा दिसू लागतो. “लागलं का रे? वॉटसन, बोल ना!” हे लिहिले आणि मी उठून पाणी प्यायलो. याला तुम्ही हसू शकत असाल तर खुशाल हसा.

संवादांच्या लांबीबद्दल मला काही म्हणायचे नाही; होम्स लांबच बोलतो. पोरांच्या तोंडी मालवणी घालण्यावर तुम्ही तीन परिच्छेद लिहिले आहेत. गरिबाने तेवढी बोली बोलायची आणि डॉक्टराने प्रमाणभाषा, यातून मराठी वाचकाला कोण कुठला वाटेल, असा काहीसा तो मुद्दा आहे. तो विषय मोठा आहे आणि इथे अस्थानी आहे. सवड झाली की पाहू. माझे आजोळ मालवणचे आहे, एवढे नोंदवून ठेवतो.

तिसऱ्या प्रकरणात “काय रे होम्स” असे एका ठिकाणी होते, ते आता “काय, होम्स” असे केले आहे. ते तुमच्या सांगण्यावरून केलेले नाही. तिथे त्यांची ओळख जेमतेम दोन महिन्यांची आहे, आणि हे परवा पुन्हा वाचताना माझ्या लक्षात आले. बाकीचे ‘अरे’ आहेत तिथेच राहतील.