गाजराच्या डागाबद्दल, दुकानाकडून

नमस्कार ताई,

तुमचा एक स्टार आणि त्याखालचा मजकूर काल रात्री मुलीने वाचून दाखवला. ‘वापरलेला ज्युसर नवा म्हणून माथी मारला, डाग तसेच आहेत, पालकाचा रस निघत नाही, नुसता फेस येतो, ऑनलाइन सहाशे रुपयांनी स्वस्त आहे, फोन उचलत नाहीत.’ तुम्हाला त्रास झाला, त्याबद्दल माफी मागतो. फोनचं तर चुकलंच. दुपारी दोन ते चार दुकान बंद असतं, पण नंतर मिस्ड कॉल बघून आम्ही उलट फोन करायला हवा होता.

पण ‘वापरलेला’ हा शब्द काही डोक्यातून जाईना, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

त्या शनिवारी तुम्ही आणि तुमचे मिस्टर पावणेनऊला आलात. नऊला आम्ही शटर ओढतो. खोका तुमच्यासमोर काउंटरवर ठेवला, वरची चिकटपट्टी तुमच्या मिस्टरांनीच गाडीच्या किल्लीने कापली. ‘चालू करून दाखवा, घरी गेल्यावर कटकट नको,’ असं तुम्ही म्हणालात. बरोबरच आहे, गिऱ्हाईक म्हणून मीही तेच म्हटलं असतं. आता इलेक्ट्रिकच्या दुकानात गाजर कुठून असणार? पुतण्याला समोरच्या भाजीवाल्या मावशींकडे पिटाळलं. त्या टोपली झाकत होत्या, तरी त्यांनी चार गाजरं दिली. ती तुमच्याच मशीनमध्ये घातली, पेलाभर रस निघाला आणि तुमच्या धाकट्याने तो पिऊन केशरी मिशी करून घेतली. आठवतंय का बघा. जाळीच्या प्लॅस्टिकच्या कडेला जो डाग आहे, तो त्याच चार गाजरांचा.

गाजराचा रंग प्लॅस्टिकला धरतो, नुसत्या पाण्याने जात नाही. कापसावर थोडं गोडेतेल घेऊन चोळा आणि मग साबणाने धुवा, बराचसा निघेल. पुतण्याने घाईघाईत नळाखाली विसळून तसंच खोक्यात भरलं, ब्रशने घासलं नाही. तेवढी चूक आमची, मान्य.

पण जुना पीस? ताई, 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी गणपती पेठेत शिरलं, तेव्हा खालच्या दोन फळ्यांवरचा सगळा माल बुडाला होता. वाळवून, पुसून, नव्या खोक्यात घालून विका, असं सांगणारे तेव्हा पुष्कळ भेटले. आम्ही सगळा भंगारात घातला. त्याचं कर्ज अजून पूर्ण फिटलेलं नाही. तुमच्या चार हजार आठशेच्या ज्युसरसाठी मी आता ते काम करीन का, तुम्हीच सांगा.

आता पालकाचं. तुम्ही घेतलेल्या मशीनची जाळी मिनिटाला दहा हजारांवर फेरे घेते. फळ किसलं जातं आणि रस बाहेर फेकला जातो. गाजर, बीट, सफरचंद, काकडी यांना ते झकास. पालक, कोथिंबीर, गव्हांकुर मात्र धड किसलेच जात नाहीत, पानं ओलीची ओली चोथ्यात जाऊन पडतात. त्यांना स्क्रूसारख्या दांड्याने सावकाश पिळणारं मशीन लागतं, मिनिटाला पन्नास-साठ फेरेवालं. तेही मी तुम्हाला दाखवलं होतं. साडेनऊ हजार ऐकल्यावर तुम्ही ‘पाचच्या आत बघा’ म्हणालात. पानांना हे चालणार नाही, हे मी तेव्हा बोललो होतो, पण शटरच्या घाईत ते एका वाक्यात उरकलं असेल, हे कबूल करतो. सध्या पानांची घट्ट गोळी करून काकडीच्या दोन तुकड्यांमध्ये घाला आणि हळू वेगावर चालवा, थोडा फरक पडेल. फेस येतो तो जोरात फिरल्यामुळे. पाच मिनिटं ठेवून गाळून घ्या.

सासूबाईंना दुधीचा रस द्यायचा आहे म्हणाला होतात, म्हणून विषय नसताना सांगतो: दुधी चिरल्यावर आधी बारीक फोड जिभेला लावून बघा. कडू लागला तर सगळा दुधी फेकून द्या. कडू दुधीच्या रसाने माणसं दगावलेली आहेत. मशीन आमचं असो नाहीतर ऑनलाइनचं.

सहाशे रुपयांबद्दल वाद घालत नाही. ऑनलाइन स्वस्त मिळतं, खरं आहे. तिथे रात्री पावणेनऊला गाजर आणायला कोणी पळत नाही, एवढंच.

डेमोला वेगळं मशीन ठेवायचं मनात आहे, जागेचं बघतो. फोनचंही काहीतरी करतो. तुमचं मशीन बदलून सावकाश पिळणारं हवं असेल तर कंपनीच्या माणसाशी बोलून बघतो, पण आजच शब्द देत नाही. जाळी आणि झाकण घेऊन या, तेल लावून स्वतः घासून देतो. आणि रिव्ह्यूमधलं ते ‘वापरलेला’ एवढं बदलता आलं तर बघा, बाकीचं राहू दे.

येताना शक्यतो साडेआठच्या आत या.