जिगालाँगच्या मुलींना कुणी वाचवलं नव्हतं

गेल्या आठवड्यात आत्याने घरच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला. वर एका वृद्ध ऑस्ट्रेलियन आदिवासी बाईचा फोटो, खाली ‘वाळवंटातली ती’ असं शीर्षक आणि पाच मुद्दे. हे लोक अश्मयुगात जगत होते, पाण्यासाठी दिशाहीन भटकत होते. मुलींचं बालपण उपासमारीत जायचं. सरकारने उचलून शाळेत घातलं म्हणून त्या माणसात आल्या. १९६७ पर्यंत कायद्याने त्यांची गणती झाडं-प्राण्यांत होत होती. आणि शेवटी, हे सगळे मुळात आपल्या दक्षिण भारतातून गेलेले. हाच मेसेज याआधी दोन-तीन ठिकाणी पाहून मी सोडून दिला होता. या वेळी माझ्या भाचीने, सईने, तो वहीत उतरवून घेतला. नऊ ऑगस्टला, जागतिक आदिवासी दिनी, तिला शाळेत भाषण करायचंय. आठवीतली पोर ‘सरकारने त्यांना माणसात आणलं’ हे वाक्य घोकत घरभर फिरत होती. ते ऐकल्यावर मला गप्प बसवेना.

तेच वाक्य आधी घेते, कारण सगळ्यांत वाईट तेच आहे.

पश्चिम ऑस्ट्रेलियात १९०५ साली एक कायदा झाला. ‘आदिवासींचा मुख्य संरक्षक’ म्हणून नेमलेला सरकारी अधिकारी सोळा वर्षांखालच्या प्रत्येक आदिवासी आणि मिश्रवंशीय मुलाचा कायदेशीर पालक ठरला. आई जिवंत आहे, धडधाकट आहे, लेकराला अंगावर पाजते आहे, तरी पालक तो अधिकारी. १९१५ पासून १९४० पर्यंत हा कारभार ए. ओ. नेव्हिल नावाच्या माणसाकडे होता. हेतू काय होता, ते त्याने स्वतःच १९३७ साली कॅनबेराच्या परिषदेत सांगून ठेवलंय: देशात दहा लाख काळे लोक होऊ द्यायचे, की त्यांना गोऱ्यांत मिसळून टाकून इथे कधी आदिवासी होते हेच विसरून जायचं? शिक्षणाची तळमळ यात कुठे दिसते ते मला दाखवा.

१९३१ साली जिगालाँगहून तीन मुली उचलल्या. जिगालाँग म्हणजे वाळवंटाच्या काठावरची मार्तू लोकांची वस्ती. मॉली चौदा वर्षांची, तिची सावत्र बहीण डेझी आठ वर्षांची आणि मावसबहीण ग्रेसी. तिघींना पर्थच्या उत्तरेला मूर रिव्हर सेटलमेंटमध्ये नेऊन टाकलं. (सेटलमेंट हा शब्द सोलापूरकरांना समजावून सांगावा लागत नाही. गुन्हेगार जमात म्हणून शिक्का मारलेल्या माणसांना आपल्याकडेही इंग्रजांनी तारेच्या कुंपणात कोंडलं होतं.) तिथे मुलींच्या निजायच्या खोलीला रात्री बाहेरून कुलूप लागायचं. पळालेली सापडली की एकांतकोठडी. शिकवायचे काय, तर धुणं, इस्त्री, शिवण. मग मुलगी मोठी झाली की गोऱ्यांच्या शेतावर घरकामाला. मजुरीचा बराचसा भाग सरकार स्वतःकडे ठेवायचं, आणि तो पुष्कळ जणींना कधी मिळालाच नाही. त्या बुडवलेल्या मजुरीपोटी २०२३ साली पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या सरकारने १८ कोटी डॉलरपर्यंत रक्कम द्यायचं कबूल केलं. उपकार केले असते तर पैसे परत द्यायची वेळ का आली असती?

मॉली तिथे राहिलीच नाही. पावसाची संधी साधून दोघींना घेऊन ती निघाली. सशांना अडवायला सरकारने १९०७ पर्यंत वाळवंटातून १८०० किलोमीटरांहून लांब कुंपण घातलं होतं आणि ते जिगालाँगजवळून जायचं. मॉलीचा बाप त्याच कुंपणावरचा इन्स्पेक्टर, त्यामुळे कुंपण धरून चाललं की घर येतं हे तिला ठाऊक होतं. सुमारे १६०० किलोमीटर, म्हणजे मुंबई-दिल्ली रेल्वेमार्गाहून जास्त, आणि लागले नऊ आठवडे. मागावर पोलीस. ग्रेसी वाटेत विलूनाला वेगळी झाली आणि पकडली गेली. मॉली आणि डेझी आईपाशी पोचल्या.

पुढचं सईला सांगताना माझा आवाज फुटत नव्हता. मॉली मोठी झाली, तिला दोन मुली झाल्या. १९४० मध्ये तिला ऑपरेशनसाठी पर्थला नेलं आणि मुलींसकट पुन्हा त्याच मूर रिव्हरला पाठवलं. ती पुन्हा पळाली, पुन्हा चालत. कडेवर दीड वर्षाची अ‍ॅनाबेल. थोरलीला मागे ठेवावं लागलं, दोघींना उचलून एवढं चालणं शक्यच नव्हतं. तीनेक वर्षांनी अ‍ॅनाबेललाही सरकारने नेलं. मॉली २००४ साली वारली, तोवर ती लेक तिला पुन्हा दिसली नाही. मागे राहिलेल्या थोरलीनेच पुढे, १९९६ साली, आईच्या पहिल्या प्रवासाचं पुस्तक लिहिलं.

ही एकटीदुकटीची गोष्ट असेल असं वाटत असेल, तर ऑस्ट्रेलियाच्या मानवी हक्क आयोगाचा १९९७ चा अहवाल बघा. पाचशेहून जास्त जणांची साक्ष काढून आयोगाने लिहिलंय की १९१० ते १९७० या काळात दर तीन ते दर दहा आदिवासी मुलांमागे एक मूल घरातून काढून नेलं गेलं. आयोगाने याला वंशसंहार हा शब्द वापरलाय. १३ फेब्रुवारी २००८ ला पंतप्रधान केव्हिन रड यांनी संसदेत उभं राहून माफी मागितली. ज्या सरकारने केलं ते माफी मागतंय आणि आपण इथे त्याचे आभार मानणारे मेसेज फिरवतोय!

आता ‘दिशाहीन भटकणं’. १९०६ साली आल्फ्रेड कॅनिंग नावाचा सर्व्हेअर गुरं हाकायची वाट आखायला वाळवंटात शिरला. पाणी कुठे आहे हे त्याला माहीत नव्हतं. त्याने काय केलं? तिथल्या माणसांना धरून साखळीने बांधलं आणि पाणी दाखवायला लावलं. त्यावर १९०८ मध्ये चौकशी आयोग बसला आणि कॅनिंग निर्दोष सुटला. पण मुद्दा असा की ज्यांना काही कळत नव्हतं म्हणता, त्यांना साखळी घालून पुढे चालवावं लागलं, कारण झरे त्यांनाच ठाऊक होते. कायम पाणी असलेल्या झऱ्याला ते ‘जिला’ म्हणतात, जिवंत पाणी. त्या प्रत्येकाला नाव आहे, गोष्ट आहे, गाणं आहे. मुलगी चालायला लागली की ती नावं क्रमाने शिकते. पुण्याच्या शाळकरी मुलांना गड विचारा आणि मार्तू पोरीला झरे.

आणि घोरपड. हिवाळ्यात घोरपड जमिनीखाली दडते. बायका स्पिनिफेक्स गवताच्या पट्ट्याला काडी लावतात, पट्टा जळून मोकळा झाला की त्या काळ्या राखेवरून वाकून चालतात आणि ताजं बीळ हुडकतात. मग ‘वाना’ नावाच्या लांब काठीने जमीन टोचत जायची. काठी जिथे अचानक आत जाते तिथे पोकळी, तिथे खणायचं. लहान मुली मागून माग वाचत येतात. अमेरिकन मानवशास्त्रज्ञांनी पार्नगुर वस्तीतल्या मार्तू बायकांबरोबर वर्षानुवर्षं राहून हे मोजलंय. जिथे बायका शिकारीसाठी जाळतात तिथे जुन्या-नव्या गवताचे लहान लहान तुकडे तयार होतात. जिथे फक्त वीज पडून पेटतं तिथे एकच प्रचंड पट्टा होरपळतो. हे सगळं त्या बायका शाळेत नाही, आईच्या मागे चालून शिकल्या.

उपासमारीचा मुद्दा मी सगळा खोडून काढणार नाही. सलग दुष्काळाची वर्षं यायची, तेव्हा हाल व्हायचे आणि रेशनच्या पिठासाठी माणसं वस्तीकडे सरकायची. पण सगळ्यांना वाळवंटातून बाहेर भुकेने काढलं नाही. १९६४ साली वाळवंटातल्या पर्सिव्हल सरोवरांजवळ वीस जणांचा एक गट राहत होता, सगळ्या बायका आणि मुलं. त्यात सतरा वर्षांची युवाली होती. त्या वर्षी वूमेराच्या रॉकेट तळावरून ‘ब्ल्यू स्ट्रीक’ रॉकेट सोडायचं होतं आणि त्याचे अवशेष याच भागात पडायची शक्यता होती, म्हणून अधिकारी गाड्या घेऊन त्यांना शोधत आले. युवालीने तोवर मोटार पाहिली नव्हती. खडक चालत येतोय असं तिला वाटलं आणि सगळ्या पळाल्या. शेवटी त्यांनाही जिगालाँगलाच आणलं. मेसेजवाला याला ‘सुटका’ म्हणतो. त्यांच्या घरावर रॉकेटचे तुकडे पडायची शक्यता होती!

झाडं-प्राण्यांचा कायदा: असा कायदा नव्हता. शोधून दमाल. अर्धं खरं एवढंच की राज्यघटनेच्या १२७ व्या कलमाने लोकसंख्या मोजताना आदिवासींना वगळलं होतं. २७ मे १९६७ च्या सार्वमतात नव्वद टक्क्यांहून जास्त लोकांनी ते कलम काढायला होकार दिला. खरी गोष्टच इतकी वाईट असताना खोटी कशाला रचायची?

दक्षिण भारताचं म्हणाल तर २०१३ च्या एका जनुकीय अभ्यासात सुमारे चार हजार वर्षांपूर्वी भारतातून काही मिश्रण झाल्याचं म्हटलं होतं. २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियन आदिवासींच्या वाय गुणसूत्रांच्या (जी बापाकडून मुलाकडे जातात) अभ्यासात त्याला आधार सापडला नाही. आणि माणूस तिथे पोचून निदान पन्नास हजार वर्षं झाली आहेत. ते ‘आपले’ निघाले तरच त्यांची कणव यायची, असं काही आहे का?

आत्या, तू मनापासून पाठवलंस, मला माहीत आहे. तो मेसेज काढून टाक आणि ज्यांना पुढे पाठवलास त्यांना हे पाठव. सईने वहीतलं पान फाडलंय. भाषण तीन मिनिटांचं आहे आणि ती मॉलीवर बोलणार आहे. काल सराव करताना अ‍ॅनाबेलपाशी येऊन थांबली आणि विचारलं, मावशी, ती लेक पुढे कुठे राहिली, तिला आई आठवत असेल का? मी म्हटलं, हेच विचार तिथे उभी राहून.